आधी कान, मग अक्षर

वऱ्हाडातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथाचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच पंथाच्या कितीतरी पोथ्या पुढे सकळ लिपीत लिहिल्या गेल्या. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. किल्ली नसेल तर जाणकारही अडखळतो. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या लेकराला देवनागरीही अशीच कूटलिपी वाटते. शब्द त्याला येतात, खुणा येत नाहीत.

रिद्धपूर या गावाच्या नावाची पाटीच घ्या. ‘रि’मधली वेलांटी र च्या आधी दिसते, उच्चारायची मात्र नंतर. पुढे ‘द्ध’मध्ये दोन व्यंजनं एकमेकांत अडकलेली. त्यात वऱ्हाडी घरात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. मग पुस्तकातला ‘ळ’ पोराला परकाच वाटणार. तिथं दटावू नये. बोली चुकीची नसतेच, फक्त जोड लावून द्यायची असते.

बाराखडी घोकवण्याआधी कान तयार व्हावा लागतो. ‘कमळ’ म्हणताना आधी काय ऐकू आलं, ‘पाणी’शी कोणता शब्द जुळतो, टाळी वाजवत शब्द कसा तोडायचा, हे खेळ म्हणजे वाचनाची खरी सुरुवात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांचाही भर गाणी, गोष्टी आणि परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर होता.

तेव्हा पालकहो, पेन्सिलीची घाई नको. रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवा, ओळीखालून बोट फिरवत.