विकणारे शेतकरी, अडवणारे शेजारी : डेटा सेंटर आणि व्हर्जिनियातला एक रस्ता



डेटा सेंटर हा शब्द आता वर्तमानपत्रात रोज दिसतो. आपल्या हैदराबादेच्या अंगाला शादनगर, चंदनवेल्ली, मेकागुडा या गावांची नावे मायक्रोसॉफ्टच्या जमीनखरेदीमुळे दूरवर पोहोचली. तिकडे नवी मुंबईत तर अशा इमारतींची रांगच उभी आहे. पण या इमारती शेतजमिनीवर येऊ लागल्या की गावात काय घडते, याचा दीर्घ आणि सविस्तर अनुभव अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याकडे आहे. म्हणून आजचे बोलणे मी तिथल्या एका रस्त्यापुरते ठेवणार आहे. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे त्याच टापूत, अॅशबर्न-हर्नडनकडे, राहतात. त्यांच्या घरापासून हा रस्ता मोटारीने फार लांब नाही. रस्त्याचे नाव पेजलँड लेन.

आधी वस्तू कोणती ते पाहू. आपले फोटो, बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण हे सारे ‘क्लाउड’मध्ये असते असे म्हणतात. हा ढग जमिनीवर असतो आणि त्याला कुंपण असते. खिडक्या नसलेली लांबरुंद इमारत, आत लोखंडी मांडण्यांवर रचलेले हजारो संगणक, आणि ते रात्रंदिवस चालू. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढून टाकण्यासाठी कुठे पाण्याचे बाष्पीभवन करतात, कुठे छतावर मोठे पंखे फिरवतात. वीज गेली तरी काम थांबता कामा नये, म्हणून बाहेर डिझेल जनरेटरांच्या रांगा असतात. थोडक्यात, हा एक कारखानाच आहे, फक्त त्याला कामगार फारसे लागत नाहीत. व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये या उद्योगावर मोठा अहवाल दिला. अडीच लाख चौरस फुटांच्या नेहमीच्या इमारतीत पूर्णवेळ माणसे साधारण ५०, त्यांतली निम्मी कंत्राटी, असे त्यात म्हटले आहे. बांधकाम जोरात असताना मात्र १५०० माणसे राबतात. गावात रोजगार येईल असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो बांधकामाचा की नंतरचा, हे विचारायला हवे.

मग एखाद्या काउंटीला हे हवेसे का वाटते? कारण कर. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग, आणि तिचे सुपरवायझर मंडळ आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळपासचे. व्हर्जिनियात राज्य सरकार या कंपन्यांना यंत्रसामग्रीवरचा विक्रीकर माफ करते, पण काउंटीला इमारतीवर आणि आतल्या संगणकांवरही दरवर्षी कर लावता येतो. संगणक काही वर्षांत जुने होतात, नवे येतात, कर पुन्हा वर जातो. आणि या संगणकांची मुले शाळेत जात नाहीत! शंभर घरांची वसाहत आली तर काउंटीला शाळा, रस्ते, दवाखाना पाहावा लागतो. इथे खर्च नगण्य. ज्या पाच ठिकाणी हा धंदा मुरला आहे, तिथल्या स्थानिक उत्पन्नात त्याचा वाटा १ टक्क्याहून कमी ते ३१ टक्के असा असल्याचे आयोगाला आढळले. सर्वांत पुढे गेलेली लाउडन काउंटी एकेकाळी घोडे आणि दूधदुभत्यासाठी ओळखली जायची. आज जगातला डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पुंजका तिथे आहे. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीने तिकडे पाहून पावले टाकली, यात नवल नाही.

पेजलँड लेन या प्रिन्स विल्यममध्ये आहे. रस्त्याच्या एका अंगाला मानससची रणभूमी, अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ आणि १८६२ अशा दोन लढाया झालेली जागा, आता राष्ट्रीय उद्यान. १९८८ मध्ये या उद्यानालगत मॉल येणार होता. मोठे आंदोलन झाले आणि केंद्रातल्या काँग्रेसने कायदा करून ती जमीन उद्यानात घेतली. पुढे जवळच हेमार्केटला डिस्नेचे इतिहास-मनोरंजन उद्यान येऊ घातले होते, तेही विरोधामुळे १९९४ मध्ये मागे घेतले गेले. १९९८ मध्ये काउंटीने सुमारे ८० हजार एकरांचा एक पट्टा ‘ग्रामीण’ ठरवला : दहा एकरांना एक घर, यापेक्षा दाट वस्ती नाही. म्हणजे हा भाग आपला हिरवेपणा लढून राखलेला.

आणि याच रस्त्यावरच्या जमीनमालकांनी, सारे मिळून सुमारे २१०० एकर, डेटा सेंटरांसाठी विकायची तयारी दाखवली. भाव एकराला दहा लाख डॉलरच्या आसपास बोलला जात होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, पैशाला भुलले. पण त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. हा हिरवा पट्टा टिकवायचा भार आमच्यावर, आणि दहा एकरांच्या अटीमुळे जमिनीचे मोलही आमचेच गोठले. त्यात अतिउच्च दाबाच्या विजेच्या तारा आमच्या शेतांवरून नेल्या, रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. ज्या ग्रामीणपणासाठी आम्हाला अडवता, तो उरला आहे कुठे? आम्ही म्हातारे झालो, शेती कोण करणार? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही गावात ऐकू येईल.

विरोध कोणाचा? लढ्याचे रूप इथे नेहमीच्या कल्पनेपेक्षा उलटे आहे. अडवणाऱ्यांत राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासन होते, इतिहासप्रेमी संस्था होत्या, आणि फार मोठ्या संख्येने शेजारच्या वसाहतींतले रहिवासी होते. त्यांतली हेरिटेज हंट ही ५५ वर्षांवरच्यांसाठी बांधलेली वसाहत. नोकरी संपवून, घर घेऊन, समोरच्या शेतांकडे पाहत शांतपणे राहायला आलेली ही माणसे. जे हिरवे दृश्य त्यांनी घराबरोबर विकत घेतले असे त्यांना वाटत होते, ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. म्हणून मला वाटते, ‘खेडे विरुद्ध कंपनी’ असे चित्र काढणाऱ्यांनी पेजलँड लेन पाहून यावी. इथे कंपनीपेक्षा शेजारीच एकमेकांसमोर उभे राहिले, आणि दोघांचेही खरे होते.

रहिवाशांची भीती हवेतली नव्हती. मानसस शहराजवळच्या एका वसाहतीत डेटा सेंटरच्या पंख्यांची सततची घरघर लोकांना झोपू देत नव्हती. हा आवाज फटाक्यासारखा मोठा नसतो. तो थांबत नाही, हाच त्याचा त्रास. दुसरी भीती ओकोक्वान जलाशयाची. उत्तर व्हर्जिनियातल्या सुमारे आठ लाख लोकांचे पिण्याचे पाणी तिथून येते आणि पेजलँड लेनचा उतार त्याच पाणलोटात आहे. माती आणि झाडोरा जाऊन छप्पर आणि डांबर आले की पावसाचे पाणी मुरत नाही, वाहत जाते. पाणी पिऊन टाकण्याबद्दल जो ओरडा होतो, त्याविषयी मात्र आयोगाचा निष्कर्ष सौम्य आहे : बहुतेक केंद्रे एखाद्या मोठ्या कार्यालयीन इमारतीइतके किंवा त्याहून कमी पाणी वापरतात, काही थोडी मात्र बरेच जास्त. म्हणून सरसकट बोलण्यापेक्षा येणारे केंद्र थंड कसे करणार हे विचारणे उपयोगाचे.

विजेचे प्रकरण वेगळे आहे, ते कुंपणापाशी थांबत नाही. वाढ बेलगाम झाली तर राज्याची विजेची मागणी दहा वर्षांत दुप्पट होईल, असे आयोग म्हणतो. नवी वीजकेंद्रे आणि तारा यांचा खर्च शेवटी सगळ्या ग्राहकांत वाटला जातो. २०४० पर्यंत साध्या घराचे बिल त्यापायी महिन्याला १४ ते ३७ डॉलरने वाढू शकेल, हा त्यांचा हिशेब. कर काउंटीच्या तिजोरीत, घरघर कुंपणालगतच्या घरात, आणि बिल राज्यभर. हे तीन वर्तुळ एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून एकाच सभेत बसलेली माणसे एकमेकांना खोटारडी वाटू लागतात.

ती सभा झाली १२ डिसेंबर २०२३ ला. आपल्याकडे शेतजमीन बिगरशेती, एन.ए., करावी लागते, तसाच तिथे जमिनीचा वापर बदलून घ्यावा लागतो, आणि तो अधिकार मंडळाचा. क्यूटीएस आणि कंपास या दोन कंपन्यांचा प्रस्ताव ३७ पर्यंत इमारतींचा होता. समर्थक सांगत होते की पूर्ण झाल्यावर वर्षाला ४० कोटी डॉलर कर मिळेल. नागरिक एकामागून एक उठून बोलत राहिले. रात्र गेली, सकाळ झाली, सभा सुमारे २७ तास चालली. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी मंजुरी मिळाली, एक सदस्य तटस्थ. हे मंडळ काही दिवसांत पायउतार होणार होते, आणि त्याच्या अध्यक्षा त्याच वर्षी याच प्रश्नावरून पक्षांतर्गत निवडणूक हरल्या होत्या. त्यांच्या जागी निवडून आलेल्या बाई प्रस्तावाच्या टीकाकार होत्या. जाता जाता घेतलेला निर्णय म्हणून त्याचा राग अधिक आला, आणि माझ्या मते तो राग रास्त होता. मंजुरी योग्य असेल तर ती नव्या मंडळापुढेही टिकली असती.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ही मंजुरी रद्द ठरवली. लढाया, जलाशय, घरघर यांपैकी कशाच्याही आधारे नाही. सभेची जाहीर सूचना वर्तमानपत्रात कायद्याने सांगितल्याप्रमाणे वेळेत छापली गेली नव्हती, एवढ्यावर. विकायला निघालेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांची वर्षे त्या एका जाहिरातीपायी टांगणीला लागली. काउंटी आणि कंपन्या अपिलात गेल्या.

आपल्याकडे अशा सूचना आतल्या पानावर बारीक टायपात येतात. आपण बहुतेक जण त्या ओलांडून थेट शब्दकोड्याकडे वळतो. पण जमिनीचा वापर बदलण्याची नोटीस, हरकतीची मुदत आणि सुनावणीची तारीख तिथेच छापलेली असते. गावाकडे वडिलार्जित तुकडा उरलेल्या घरांनी निदान तेवढे पान वाचावे. विकायचे असेल त्यांनी तर आधी वाचावे.