विलापगीतातील आशा

संकटकाळी मनात प्रश्न उभा राहतो, ‘देवाचे माझ्यावर प्रेम आहे, तर हे दुःख माझ्या वाट्याला का?’ असे विचारणे म्हणजे अविश्वास, असे समजून अनेक भाविक आतल्या आत कुढत राहतात. पवित्र शास्त्रातील ‘विलापगीत’ हे पुस्तक मात्र वेगळा मार्ग दाखविते.

इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले. त्या विध्वंसाच्या वेदनेतून ही पाच गीते निर्माण झाली. त्यांतील तिसऱ्या अध्यायात ६६ वचने आहेत. अठराव्या वचनात कवी आपली आशा नष्ट झाल्याचे सांगतो. एकविसाव्या वचनात तोच पुन्हा आशा धरतो. मधल्या काळात नगर उभे राहिलेले नाही, परिस्थितीही पालटलेली नाही. त्याने केवळ देवाच्या प्रेमाचे स्मरण केले आहे. त्या प्रेमासाठी तेथे ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द येतो. केलेल्या कराराशी एकनिष्ठ राहणारी, न ढळणारी प्रीती, असा त्याचा आशय आहे.

तरीही पुढे विलाप थांबत नाही. अश्रू आणि श्रद्धा एकाच प्रार्थनेत नांदू शकतात. प्रभू येशूनेही क्रूसावरून ‘का?’ असा टाहो फोडला. पण तो देवालाच उद्देशून.

म्हणून आजारपणात, कर्जाच्या ओझ्याखाली वा प्रियजनांच्या वियोगात आपले दुःख देवापासून लपवू नये. ते त्याच्या चरणी मांडावे आणि त्याने आजवर आपल्याला कसे सांभाळले, याचे दररोज स्मरण करावे. आशेचा उगम तेथेच आहे.