ओळ कुठे जाणार, हे ओळीला ठाऊक नसतं

जावात लिहिलेलं एखादं ऑनलाइन दुकान टॉमकॅट सर्व्हरवर चालतं, तेव्हा मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर एका वेळी २०० थ्रेडपर्यंत गिऱ्हाइकांच्या विनंत्या हाताळत असतात. सगळ्यांच्या नोंदी पडतात एकाच फाइलीत. कुणाचं पेमेंट अडकलेलं, कुणाचा पासवर्ड चुकलेला, सगळं एकमेकांत गुंतलेलं. या गुंत्यातून नेमक्या एका गिऱ्हाइकाची हकिकत अलगद बाहेर काढता येते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

‘कार्डसेवा’ नावाचा क्लास फक्त एवढंच म्हणतो: लॉगर.डीबग("ऑर्डर {} मंजूर", क्रमांक). ही ओळ फाइलीत जाणार, स्क्रीनवर दिसणार की कुठेच उमटणार नाही, याचा त्या क्लासला पत्ताच नसतो. एसएलएफफोरजे हा पातळ थर निरोप घेतो आणि मागे बसलेल्या लॉगबॅक किंवा लॉगफोरजेकडे सोपवतो. डीबग बंद असेल, तर महिरपी कंसातली रिकामी जागा भरण्याचे कष्टही कुणी घेत नाही. (एसएलएफफोरजे, लॉगबॅक आणि पहिलं लॉगफोरजे या तिन्हींमागे जेकी ग्युल्जू हे एकच नाव आहे.)

खरी करामत लॉगरच्या नावात आहे. नाव म्हणजे सहसा क्लासचा पूर्ण पत्ता: कॉम.दुकान.पेमेंट.कार्डसेवा. यातल्या टिंबांनी एक घराणं तयार होतं. कार्डसेवेला स्वतःची पातळी, म्हणजे किती बारीक तपशील नोंदवायचा ते, दिलेली नसेल तर ती पेमेंटला विचारते, पेमेंट दुकानला, असं करत थेट रूटपर्यंत. म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉम.दुकान.पेमेंट’ला डीबग दिलं, की पेमेंटचं अख्खं खातं बोलू लागतं आणि बाकीचं अ‍ॅप्लिकेशन इन्फोवर शांत राहतं. कोडला हात लागत नाही. लॉगबॅकमध्ये स्कॅन चालू ठेवलं असेल, तर सर्व्हर बंदही करावा लागत नाही. कॉन्फिगरेशनची फाइल बदललीय का, हे लॉगबॅक दर मिनिटाला स्वतःच पाहतं.

पण पातळीची विचारणा होते ती एकदाच, अगदी दारात. तिथून सुटलेली नोंद घराण्यात वर चढत जाते आणि वाटेतल्या प्रत्येक अपेंडरकडे, म्हणजे नोंद प्रत्यक्ष लिहिणाऱ्याकडे, उमटते. रूटची पातळी वॉर्न असली, तरी पेमेंटमधून निघालेली डीबगची ओळ रूटच्या फाइलीत पोचतेच! एकच ओळ दोनदा दिसण्याचं कोडं इथेच सुटतं: अपेंडर पेमेंटलाही जोडलेला असतो आणि रूटलाही.

आता ते २०० थ्रेड. विनंती आत शिरताच सर्व्हलेट फिल्टर तिला एक क्रमांक देतो आणि एमडीसी नावाच्या लॉगिंगच्या कप्प्यात ठेवतो. हा एमडीसी प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो. पुढे कंट्रोलर, सर्व्हिस, डेटाबेसचा क्लास, कुणालाही तो क्रमांक हातोहात द्यावा लागत नाही. अपेंडरच्या पॅटर्नमध्ये त्याला एकदा जागा दिली, की प्रत्येक ओळीवर तो आपोआप छापला जातो:

१०:४२:०७ एक्झेक-७ [अ९१फ] कार्डसेवा – ऑर्डर ५५२० मंजूर

मग ‘अ९१फ’वर ग्रेप मारायचा, त्या विनंतीच्या सगळ्या ओळी क्रमानं समोर. फक्त फिल्टरच्या फायनली ब्लॉकमध्ये तो क्रमांक काढून टाकायलाच हवा. थ्रेड पूलमध्ये परत जातो, पुन्हा वापरला जातो, आणि एमडीसी साफ केला नसेल तर एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या नोंदींना चिकटू शकतो. काम वेगळ्या थ्रेडवर सोपवलं तर उलटंच घडतं, क्रमांक मागेच राहतो. तिथे तो मुद्दाम सोबत पाठवावा लागतो.

या सगळ्या रचनेत नोंदीचा मजकूर म्हणजे निव्वळ मजकूर, असं आपण धरून चालतो. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं की लॉगफोरजे २ तसं धरत नव्हतं. मजकुरात डॉलर आणि महिरपी कंसात जेएनडीआयचा, म्हणजे जावाच्या नावावरून वस्तू शोधण्याच्या सोयीचा, पत्ता आला, तर ते तो पत्ता गाठायला निघायचं आणि तिथून आलेला परका कोड चालवून बसायचं. ब्राउझरच्या हेडरमध्ये कुणी अशी ओळ घालायची, सर्व्हरनं ती इमानदारीनं लॉग करायची, की घात झालाच. लॉगफोरशेल नावाच्या या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० मिळाले. २.१६.० आवृत्तीत मजकुरातले पत्ते शोधण्याची ती सोयच काढून टाकण्यात आली.