परदेशी मुक्काम आणि पडद्याआडची हुंडणावळ

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, या प्रश्नाला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाचे उत्तर एके काळी ठरलेले असे : चिखलदरा, नाहीतर पचमढी. खोलीचे भाडे रोख मोजायचे, पावती खिशात घालायची, की हिशेब मिटला. आता लोकमान्य नगरच्या मेट्रो स्थानकावर उभ्या उभ्या बालीतली किंवा बँकॉकमधली खोली मोबाइलवर ठरवता येते. सोय मोठी खरी. हिशेब मात्र तिथे मिटत नाही.

समजा, बोनसच्या पैशांतून सहा रात्रींसाठी 60,000 रुपयांची खोली ठरवली. पडद्यावर रुपयाचे चिन्ह स्वच्छ दिसत होते. पुढे कार्डाचे बिल आले ते 62,478 रुपयांचे! वरच्या रकमेतली एक पैही हॉटेलवाल्याने घेतलेली नसते. परकीय चलनातला व्यवहार म्हणून बँकेने साडेतीन टक्के आकार लावला, ते झाले 2,100. आणि त्या आकारावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, ते झाले 378. हा आकार बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो, काहींवर अगदी शून्यही. बँकेच्या दरपत्रकात तो छापलेला असतो, म्हणून याला फसवणूक म्हणता येत नाही. पण आपण घरखर्चाची जुळणी करतो ती बुकिंगच्या पानावरचा आकडा पाहून, आणि त्या पानावर तो नसतो. तिथला रुपयांचा आकडा पुष्कळदा नुसता अदमास असतो. वसुली होते हॉटेलच्या चलनात, आणि भावही बहुधा व्यवहार कार्ड कंपनीकडे पक्का होईल त्या दिवसाचा.

‘मग आम्ही रुपयांतच पैसे देऊ, म्हणजे झाले!’ असे यजमान म्हणतील. खरी मेख इथेच आहे. ‘रुपयांत भरा’ हे बटण दाबले, की चलनाचा भाव बँक ठरवत नाही. पैसे घेणारा किंवा त्याचा मध्यस्थ ठरवतो, आणि आपला नफा त्या भावातच मिसळतो. शिवाय पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असेल, तर रक्कम रुपयांत असूनही अनेक बँका एक टक्का किंवा त्याहून अधिक आकार लावतात, वर कर आहेच. म्हणजे एकाच खोलीसाठी दोनदा वटाव! रुपयाचे चिन्ह दिसले म्हणून दुकान भारतातले ठरत नाही.

वटाव आपल्याला नवा नाही. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात हाली शिक्का चाले, आणि शेजारच्या वऱ्हाडात कलदार रुपया. हे हाली नाणे 1959 मध्ये चलनातून गेले. शेवटच्या काळात सात हाली रुपयांना सहा कलदार हा भाव असे. सराफ काही धर्मादाय करीत नव्हता, पण तो समोर बसून भाव सांगे. पटला नाही तर पुढच्या पेढीवर जाता येई. आजची पेढी दिसत नाही, एवढाच काय तो फरक; आणि माझ्या मते तो लहान नाही.

सर्वांत जास्त चुटपूट लागते ती बेत रद्द झाल्यावर. घरात आजारपण निघाले, खोली सोडली, ‘पूर्ण परतावा’ मिळाला, तरी रक्कम परत येते ती त्या दिवसाच्या भावाने. बँकेने कापलेला आकार बहुधा परत येतच नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी शर्तींमध्ये वसुली कोणत्या चलनात होणार आणि कंपनी कोणत्या देशातली, हे पाहावे. मग आपल्या कार्डाचे दरपत्रक काढावे. घरात दोन-तीन कार्डे असतील, तर कमी आकाराचे निवडावे. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपणच सुरू करावे लागतात. ते सुरू करतानाच हा आकडा विचारून घ्यावा. काही हॉटेले पैसे तिथे पोहोचल्यावर घेतात. तशी सोय असली, तर बँकॉकच्या काउंटरवरचे यंत्र आपल्याला अदबीने विचारील : रुपये की बाट? त्याला बाट असे सांगावे.