निवडफलक : वर्गाध्यापनाच्या वैयक्तिकीकरणाचे एक साधन
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. येथील महाविद्यालयीन वर्गात वारली पाड्यांवरील, किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांतील आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांच्या घरांतील विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांची घरची भाषा व पूर्वज्ञान भिन्न असते. अशा वर्गाला एकच स्वाध्याय देणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

पूर्वपरंपरा :
हा विचार या भूमीस नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेणारी 'कुरणशाळा' तेथे आकारास आली. तेथे शिक्षणाचे उद्दिष्ट कायम राहिले, मार्ग तेवढा बदलला.

संकल्पना व रचना :
निवडफलक म्हणजे नऊ चौकटींचा तक्ता. प्रत्येक चौकटीत एकाच घटकावरील, परंतु निराळ्या स्वरूपाची कृती असते. विद्यार्थी आडव्या, उभ्या वा तिरप्या रेषेतील तीन कृती निवडतो. मधली कृती सर्वांना अनिवार्य ठेवल्यास तीमधून जाणाऱ्या चारच रेषा उरतात.

उदाहरणार्थ, अर्थशास्त्रातील 'उद्योगांचे स्थाननिश्चितीकरण' हा घटक घेऊ. मधल्या चौकटीत सिद्धान्ताचे टिपण असावे. भोवती बोईसर परिसराचा नकाशा, कामगाराची मुलाखत, रेल्वे व महामार्गाच्या प्रभावावर निबंध, १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या तारापूर अणुविद्युत केंद्रावर टिपण, अशा आठ कृती असाव्यात.

मर्यादा व उपाय :
मोकळ्या निवडीत एक धोका संभवतो. लेखनात मागे असलेला विद्यार्थी दरवेळी चित्र वा नकाशाच निवडील आणि परीक्षेत मात्र त्याला लिहावेच लागेल. अशी निवड त्याच्या हिताची नव्हे. यावर उपाय रचनेतच आहे. मधल्या चौकटीच्या समोरासमोर येणाऱ्या प्रत्येक जोडीत एक कृती लेखनाची व दुसरी मौखिक, दृश्य वा क्षेत्रीय स्वरूपाची ठेवावी. मग कोणतीही रेषा घेतली तरी लेखन टळत नाही आणि विद्यार्थ्याचे बलस्थानही वाया जात नाही. सर्व कृतींचा श्रमभार समान असावा आणि मूल्यमापनाचे निकष आधीच जाहीर करावेत. अन्यथा सोप्या चौकटींकडेच सर्वांचा ओढा राहील.

निष्कर्ष :
निवडफलकासाठी खर्चिक साधनांची गरज नाही; खडू व फळा पुरेसा आहे. मात्र उद्दिष्ट निश्चित न करता केलेला फलक केवळ करमणूक ठरतो. निवड ही सवलत नसून समान उद्दिष्टाकडे जाण्याची वाट आहे, हे भान प्राध्यापकांनी ठेवल्यास मिश्र वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत अध्यापन पोहोचू शकेल.