इंडिकेटरची टिकटिक तुम्हाला ऐकू येते का?

आजचा भाग तलकाडहून. म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटर, टी. नरसीपूर मागे टाकलं की कावेरीकाठचं हे वाळूतलं गाव लागतं. गंग राजांची जुनी राजधानी, वाळूखालून उकरून काढलेली देवळं, होयसळांचं कीर्तिनारायण मंदिर. आलात तर चप्पल हातात घेऊन वाळूतून चालायची तयारी ठेवा. पण आज देवळांबद्दल बोलणार नाही. येताना रस्त्यावर जे दिसलं, त्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या दोन गाड्या होत्या. पुढे माझ्या रेजिमेंटमधले एक निवृत्त सुभेदार मेजर, मागे मी. टी. नरसीपूरच्या पुढे त्यांनी एक ट्रॅक्टर ओलांडला. उजवा इंडिकेटर दिला, ओलांडला, गाडी पुन्हा आपल्या लेनमध्ये आणली. सगळं शिस्तीत. पण इंडिकेटर चालूच राहिला. मी हॉर्न दिला, हेडलाइट मारले. त्यांना वाटलं साहेबांना पुढे जायचंय, त्यांनी वेग कमी केला. मध्ये एक मोटरसायकलवाला होता. त्या पोराने सरळ हिशेब केला: गाडी हळू झाली, उजवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे उजवीकडे वळणार. तो डावीकडून पुढे निघाला. नेमकं तेव्हाच सुभेदार साहेबांना डाव्या बाजूला शहाळीवाला दिसला आणि हात इंडिकेटरच्या दांडीकडे जायच्या आत गाडी डावीकडे कलली. पोरगा रस्ता सोडून मातीत उतरला, दोन झोके खाल्ले, सावरला. वीतभर अंतर होतं.

शहाळीवाल्यापाशी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, टिकटिक ऐकूच आली नाही मला."

ते खरं बोलत होते. आम्ही दोघंही तोफखान्यातले. तोफेच्या आवाजाने कान बिघडतात ते सगळीकडून सारखे बिघडत नाहीत. आधी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज, म्हणजे बारीक, टोकदार आवाज. वय झालं की तोफ न पाहिलेल्या माणसाचेही वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी होतात. माणूस समोर बसून बोलला तर व्यवस्थित ऐकू येतं, म्हणून आपले कान ठीक आहेत असंच वाटत राहतं. टिकटिकीचा टोकदार भाग मात्र तेवढ्यात गेलेला असतो. त्यात खिडकी उघडी, एसीचा पंखा जोरात, गाणी चालू. उरलंसुरलं तिथे बुडतं. डॅशबोर्डवरचा हिरवा बाण? भर दुपारी उन्हात, स्टिअरिंगच्या आड, कोण बघतो?

आता काहीजण म्हणतील, दांडी आपोआप परत येते ना? येते, पण स्टिअरिंग बऱ्यापैकी फिरून परत सरळ झालं तरच. आतला खाचा तेव्हाच दांडीला ढकलतो. ओलांडताना स्टिअरिंग जेमतेम हलतं, तेवढ्याने काम होत नाही. हा दोष नाही, रचनाच तशी आहे. म्हणून अशा गाड्यांत ओलांडण्यासाठी दांडी पूर्ण न दाबता अर्धी दाबून धरायची. बोट सोडलं की दिवा बंद. बऱ्याच नव्या गाड्यांत एकदा हलकं टिचकलं की दिवा तीनदा लुकलुकून आपोआप थांबतो. बेस्ट.

तो आवाज येतो कुठून, हे कळलं तर पुढचं सोपं. जुन्या गाडीत फ्लॅशर रिले नावाची छोटी डबी असते. तिच्यातला संपर्क जोडतो-तुटतो, दिवा लागतो-विझतो, आणि त्या आपटण्याचाच आवाज आपण ऐकतो. डबी फ्यूज बॉक्सपाशी खोल बसवलेली असेल तर आवाज मंद. नव्या गाड्यांत दिवे कंप्युटर चालवतो आणि टिकटिक मीटरमधल्या छोट्या स्पीकरमधून मुद्दाम काढलेली असते. म्हणून नवी गाडी असेल तर आधी स्क्रीनवरची सेटिंग उघडा. काही गाड्यांत इंडिकेटरचा किंवा सूचनांचा आवाज वाढवता येतो, आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ते माहीत नसतं.

तशी सोय नसेल तर बझर. स्कूटर-मोटरसायकलला लावतात तोच, १२ व्होल्टचा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, दुकानदार देईल तो पहिला बझर घेऊ नका. ते चिमुकले 'पी-पी' करणारे बझर बहुतेक ३००० हर्ट्झच्या वरच वाजतात, म्हणजे जिथे आपले कान अधू तिथेच. 'घर्र' किंवा 'टक-टक' असा जाड आवाज करणारा मागा. दुसरी, एकच बझर डाव्या आणि उजव्या दोन्ही तारांना थेट जोडला तर दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात आणि एक इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. दोन्ही तारांमध्ये एकेक डायोड घालायचा, साधा १एन४००७ पुरतो. गाडी वॉरंटीत असेल किंवा दिवे कंप्युटरवर चालत असतील, तर तार कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

तलकाडच्या पार्किंगमध्ये आम्ही त्यांची गाडी तपासली आणि दुसराच आजार सापडला. डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकत होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे. घड्याळ लावून मोजा, १५ सेकंदांत १५ ते ३० वेळा. त्याहून जलद असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला असं धरून चाला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर करंट मोजत असतो. पुढचा एक, मागचा एक, प्रत्येकी २१ वॅट. एक गेला की करंट निम्म्यावर येतो आणि फ्लॅशर मुद्दाम घाई करून तुम्हाला सांगतो. ही तक्रार ऐकायला टिकटिक ऐकू यायला हवी! जुन्या, पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलटं होतं: बल्ब गेला की तो मंदावतो किंवा दिवा नुसता पेटून राहतो.

त्यांचा मागचा डावा बल्ब गेला होता. नवा घेताना रंग बघा. पारदर्शक काचेमागे पिवळा बल्ब लागतो आणि त्याच्या दोन खुंट्या समोरासमोर नसतात, थोड्या तिरक्या असतात. पांढरा बल्ब त्यात बसूच नये म्हणून केलेली ही सोय आहे. खुंटी घासून पांढरा बसवणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांना हात जोडा आणि दुसरीकडे जा.

एलईडी बसवल्यावर घाई सुरू झाली तर बल्ब गेलेला नाही, करंट कमी झालाय. एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्या. काहीजण ६ ओहमचा रेझिस्टर जोडून देतात. तोही चालतो, पण चांगलाच तापतो. लोखंडी पत्र्यावर स्क्रूने बसवा, प्लास्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला कधीच नाही.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावत असेल, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकत असेल, तर बल्ब बदलत बसू नका. अर्थिंग गेलंय. होल्डरच्या अर्थच्या टोकापासून गाडीच्या घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला एक तार टेकवा. दिवा लख्ख झाला तर निदान पक्कं. जोड उघडा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हा रोग फार.

दोन्ही बाजू बंद, पण लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की चारही चालतात? मग बल्ब आणि तारा ठीक आहेत. फ्यूज किंवा दांडीतला स्विच बघा.

मंडळी, घरी गाडीत दोघं बसा. इंजिन चालू, पंखा जोरात, खिडकी खाली. इंडिकेटर द्या आणि ड्रायव्हरने डोळे मिटून सांगायचं, चालू की बंद. सुभेदार साहेबांची परीक्षा आम्ही नव्या बझरनंतर म्हैसूरला घेतली. दहापैकी दहा. पुढच्या भागात हेडलाइटची उंची कशी लावायची ते पाहू.