पन्नाशीत नोकरी गेली, तर पुढे काय?

कारखाना बंद पडतो, कंत्राट संपते आणि पन्नाशीतला माणूस घरी बसतो. महाराष्ट्रात सरकारी भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38, तर मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे आहे. म्हणजे उरते ती खासगी नोकरी. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला सतत दिसते, की ही माणसे कामात कमी पडत नाहीत. आपले काम सांगायला कमी पडतात.

बायोडाटा एकाच पानाचा असावा. ‘फिटर, 22 वर्षे’ एवढ्यावर न थांबता कोणती मशीन चालवली, हाताखाली किती माणसे होती, हे लिहावे. अनुभवाचा दाखला नसेल, तर पीएफचे पासबुक पुरावा म्हणून दाखवावे.

मुलाखतीत ‘या वयात झेपेल का?’ असे विचारतातच. चिडू नये. शेवटच्या वर्षी केलेले काम, रात्रपाळी, नवे शिकलेले सांगावे.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानुसार 65 वर्षांच्या आतील व्यक्तीला सुरक्षारक्षक होता येते. प्रशिक्षण आणि शारीरिक पात्रता मात्र लागते. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

नव्या मालकाला जुनाच यूएएन नंबर द्यावा. पेन्शन योजनेत एकूण 10 वर्षे सेवा भरली, तर 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळते. त्याआधीच घाईने ते पैसे काढले, तर मागची वर्षे धरली जात नाहीत.

तरुण मित्रांनो, येत्या रविवारी वस्तीतल्या एका तरी काकांचा किंवा मावशीचा बायोडाटा आपण करून देऊया.